आवाज न करणारे यंत्र

सरकारी नोकराच्या आयुष्यात ज्यांना मुदतवाढ मिळत नाही अशा गोष्टी फार थोड्या. रुजू होण्याची तारीख पुढे ढकलता येते. क्वार्टर रिकामे करण्याची ढकलता येते. आणि फाइलीवरचा निर्णय किती पुढे ढकलता येतो हे या मासिकाच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको. परंतु २०२५ च्या ऑक्टोबरात रायपूरच्या एका दंतवैद्याने आमच्या आईच्या तोंडात बॅटरी धरून पाहिले, मान हलविली आणि आपल्या वहीत १८ नोव्हेंबर ही तारीख लिहून टाकली, तेव्हा तीत एका दिवसाचाही फेरफार होणार नाही हे आम्ही त्याच्या चेहऱ्यावरून ओळखले. वरचे समोरचे सहा दात. सगळेच हलत होते, हिरड्यांत पू धरला होता, थांबण्यात अर्थ नव्हता. जखमा भरून कवळी बसेपर्यंत दोन-तीन महिने सहज जातील, असे त्याने सांगितले.

आईला त्याचे काहीच वाटले नाही. "भाकरी दुधात कुस्करून खाईन," असे म्हणून ती परतीच्या गाडीत खिडकीशी बसली आणि धानाची शेते पाहू लागली. घाम फुटला तो आम्हांला. शाळेत व्याकरणाच्या गुरुजींनी त, थ, द, ध, न, ल, स हे दंत्य वर्ण आमच्याकडून घोकून घेतले होते. या वर्णांचा पुढे कधी दंतवैद्याशी संबंध येईल असे त्या वेळी वाटले नव्हते. आईच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचा संकल्प आम्ही जूनपासून सोडीत होतो, आणि त्या ओव्या तर दंत्य वर्णांनी गच्च भरलेल्या. सीता, दळण, सासर, नंदी, तुळस, नणंद! सहा दात गेल्यावर सीतेचे काय होईल या कल्पनेने आम्ही गाडीतच बोटांवर दिवस मोजले. पंचवीस भरले.

आईचे माहेर मुळशी तालुक्यातले. भाताचा मुलूख, पावसाचा मुलूख. तिच्या लहानपणी त्या डोंगरात पिठाची गिरणी पोहोचलेली नव्हती. पहाटे उठून आजीसमोर खुंट्याला हात लावून बसायचे आणि दळता दळता जे कानांवर पडेल ते आपसूक तोंडी यायचे, एवढेच तिचे संगीतशिक्षण. पुढे गिरणी आली, जाते माळ्यावर गेले, आई लग्न होऊन पिंपरीला आली आणि ओव्या तिच्या बोलण्यात कुठे कुठे म्हणीसारख्या उरल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण पुण्याचेच होऊन गेलेले गी पॉइटवाँ यांनी ज्या अनेक खेड्यांतल्या बायांकडून ओव्या गोळा केल्या त्यांत मुळशीची खेडी होती. बर्नार्ड बेल या संगीताच्या आणि संगणकाच्या अभ्यासकाने त्यांचे ध्वनिमुद्रण करून संगणकावर सूची रचली, आणि पुढे 'पारी' या संस्थेने तो सारा ठेवा लोकांसमोर मांडला. ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. परंतु हे सारे चालले होते तेव्हा आमची आई पिंपरीला डबे भरीत होती. लाखभर ओव्यांत तिची एकही नाही.

वाचक विचारील, मग गड्या, खिशात फोन असताना हे पंचवीस दिवसांचे रडगाणे कशासाठी? रायपूरच्या महाराष्ट्र मंडळात भेटलेल्या एका गृहस्थांनी हाच प्रश्न केला. त्याला आमच्यापाशी दोन उत्तरे होती. एक, फोन हा मुळात संभाषणासाठी केलेला. समोरचा बोलताना मागचा पंखा, रस्ता, गडबड दाबून टाकावी अशी शिकवण त्याच्या पोटात असते, आणि पुष्कळदा तो आवाज लहान करून, म्हणजे त्यातला काही भाग गाळून, साठवितो. दुसरे उत्तर आम्ही त्या गृहस्थांना दिले नाही. येथे देतो.

आम्ही दहा वर्षांचे असताना आमच्या घरी आजीच्या ओव्यांची एक कॅसेट होती. मामाने कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणून ती भरली होती. आजी त्या वेळी गेलेली होती. कॅसेटच्या पाठीमागे दोन लहान पाकळ्या असतात; त्या मोडून टाकल्या की यंत्र त्या कॅसेटवर नवे काही भरू देत नाही. बाबांनी त्या आठवणीने मोडलेल्या होत्या. पण त्या भोकात कागदाची घडी कोंबली की यंत्र फसते, ही विद्या आम्ही शाळेतल्या एका मित्राकडून शिकलो होतो, आणि एका रविवारी दुपारी रेडिओवरची सिनेमाची गाणी भरण्यासाठी कोरी कॅसेट न सापडल्यामुळे ती विद्या आम्ही वापरली. बाबांनी मारले. आईने मारले नाही, रागावलीही नाही. त्यानंतर कधी त्या कॅसेटचे नावही तिने काढले नाही. मारले असते तर हिशेब मिटला असता.

तर संगणक. खरे सांगायचे तर हातात मावणारा एखादा चांगला रेकॉर्डर आम्हांला पुरला असता. परंतु प्रत्येक ओवी वेगळी काढावी, तिला क्रमांक द्यावा, शब्द आणि अर्थ टिपावा, म्हणजे पुण्याच्या त्या मंडळींनी जे लाखाचे केले ते आपण शंभराचे करावे, अशी आमची हौस होती. आणि हौसेला मोठे यंत्र लागते. शिवाय केंद्र सरकारच्या नियमांचा आधार मिळाला. सातव्या वेतन आयोगानंतर सायकलीपासून मोटारीपर्यंतचे बहुतेक अग्रिम काळाच्या उदरात गडप झाले. व्याज घेऊन मिळणाऱ्या अग्रिमांत घरबांधणी आणि संगणक हे दोनच तेवढे राहिले. संगणकासाठी पन्नास हजार रुपये किंवा प्रत्यक्ष किंमत, यांपैकी जे कमी असेल ते. त्यात दसऱ्याचा सहा हजार नऊशे आठ रुपयांचा बोनस मिळविला. हा आकडा ज्यांना तोंडपाठ नाही असा वाचक या मासिकाला नसावा.

तयार संगणक घेण्यापेक्षा एकेक भाग निवडून जुळविलेला घ्यावा, असे ठरले. ठरल्यावर आम्ही वाचू लागलो, आणि वाचू लागल्यावर आमचे जून, जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर गेले. ज्याला ज्ञानाचा शेवट दिसत नाही त्याने खरेदीला निघू नये. ध्वनिमुद्रणाच्या संगणकात विलंब नावाचा एक दोष असतो. तोंडातून निघालेला सूर यंत्रात जाऊन कानाच्या हेडफोनमध्ये परत येईपर्यंत काही सहस्रांश सेकंद जातात, आणि गाणाऱ्याला आपलाच आवाज मागून आल्यासारखा वाटतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले आणि १२८ नमुन्यांची एकेक खेप केली, तर एका खेपेला पावणेतीन सहस्रांश सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्या वेळात हवेतून आवाज जेमतेम तीन फूट जातो. हे गणित आम्ही जुलैत शिकलो आणि त्यात इतके रंगून गेलो की दोन आठवडे दुसरे काही वाचले नाही. ऑगस्टात सौ. म्हणाली, "अहो, पण आई हेडफोन लावणार आहेत का?"

आई हेडफोन लावणार नव्हती. कानांवर काही चढविले की तिचे डोके दुखते.

दंतवैद्याने तारीख दिल्यावर मात्र आमच्या ज्ञानलालसेला वेसण बसली. त्याच रविवारी आम्ही रायपूरला गेलो. अभनपूरहून रायपूरला पूर्वी अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून छोटी गाडी डुलत जात असे. ते रूळ आता इतिहासजमा झाले. ३० मार्च २०२५ पासून मोठ्या रुळांवरची मेमू धावू लागली. जयस्तंभ चौकाच्या आसपासच्या एका दुकानात आम्ही आमचा कागद पुढे केला. मालक तरुण होता. त्याने विचारले, "गेमिंग के लिए कि ऑफिस के लिए?" त्याच्या जगात माणसांच्या या दोनच जाती होत्या. आम्ही म्हटले, गाणे रेकॉर्ड करायचे आहे. त्याने क्षणभर विचार केला आणि रंगीत दिवे लागणारे तीन पंखे पुढ्यात ठेवले.

वास्तविक आम्हांला हवे होते ते नेमके उलट. एका माणसाचा गळा मुद्रित करण्यासाठी संगणकाला फारसे बळ लागत नाही. सतारी, तबले, वाद्यवृंद यांचे नमुने साठवून त्यांतून संगीत रचणाऱ्याला भरपूर रॅम लागते. एका मायक्रोफोनला सोळा जीबी म्हणजे चैन. चोवीस बिटांनी आणि ४८,००० नमुन्यांनी एक तास गळा मुद्रित केला तर अर्ध्या जीबीहून थोडेसेच अधिक भरते. म्हणजे जागेचाही प्रश्न नाही. प्रश्न आहे तो आवाजाचा. संगणक ज्या खोलीत बसतो त्याच खोलीत गाणारा बसणार असेल तर त्या यंत्राचा पहिला गुण गप्प बसता येणे हा आहे. आणि यंत्रात आवाज करते ते जे हलते तेच. जे हलत नाही ते आवाजही करीत नाही हे तत्त्व आम्हांला कचेरीमुळे पूर्वीपासून परिचयाचे होते.

या एका कसोटीवर सारी यादी आम्ही उभी केली. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क बाद; तिच्या जागी एस.एस.डी., जिच्यात काहीच फिरत नाही. पंखे लहान नकोत, मोठे हवेत. कारण तेवढीच हवा ढकलावयास मोठा पंखा सावकाश फिरला तरी चालतो, आणि सावकाश फिरणारा पंखा कुजबुजतो, किंचाळत नाही. पॉवर सप्लाय असा, की काम हलके असताना त्याचा पंखा आपोआप थांबावा. ग्राफिक्स कार्ड तर नकोच, कारण त्यावर आणखी दोन पंखे. येथेच आम्ही फसता फसता राहिलो. दुकानदाराने इंटेलचा १२४०० हा सहा गाभ्यांचा प्रोसेसर दाखविला, तो आम्हांला हवाच होता; मग त्याने हळूच त्याचाच भाऊ पुढे केला आणि हा स्वस्त पडेल म्हणाला. भावाच्या आकड्यापुढे 'एफ' हे एक अक्षर होते. त्या 'एफ'चा अर्थ असा, की याच्या पोटात चित्र दाखविण्याची सोय नाही. पडद्यावर काही दिसावयास हवे असेल तर ग्राफिक्स कार्ड घ्या. स्वस्तातल्या प्रोसेसरमागून ते महागडे बिऱ्हाड येणार होते. जूनपासून केलेल्या अभ्यासाचा एवढा एक उपयोग झाला, हे नमूद करून ठेवतो.

उशिराची शिक्षाही झालीच. त्या दिवसांत जगभर रॅमचे भाव चढू लागले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या अवाढव्य केंद्रांना सारी रॅम लागते म्हणे. जी सोळा जीबी आम्ही जुलैत महाग म्हणून सोडली होती तिची ऑक्टोबरातली किंमत ऐकून सौ.ने आमच्याकडे नुसते पाहिले.

मायक्रोफोनपाशी तीन रात्री गेल्या. प्रत्येक मायक्रोफोनची स्वतःची अशी एक बारीक खरखर असते. ऑडिओ-टेक्निकाचा ए.टी. २०२० घेतला तर ती वीस डेसिबलची, रोडचा एन.टी. १ घेतला तर साडेचारच्या आसपास. मधल्या साडेपंधरा डेसिबलांसाठी किंमत दुपटीहून कितीतरी पुढे जात होती. निवांत रात्रीच्या खोलीतही तीसेक डेसिबलांचा आवाज असतोच, म्हणजे वीस चालावेत, हे एक मन म्हणे. दुसरे मन आजीची कॅसेट पुढे करी. शेवटी बोनसच्या आकड्याने कौल दिला आणि वीस डेसिबलवाला घरी आला. त्याला अठ्ठेचाळीस व्होल्टचा वीजपुरवठा देणारी आणि आवाजाचे आकडे करणारी एक तांबडी पेटी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, त्याच्याबरोबर आली. ध्वनिमुद्रणासाठी आम्ही 'रीपर' हा प्रोग्रॅम निवडला. त्याचा अर्थ कापणी करणारा; आणि बाहेर शिवारात त्या वेळी कापणीच चालू होती.

१३ नोव्हेंबरला यंत्र उभे राहिले. आम्ही खोलीची दारे लावून, दिवा मालवून, पेटीला कान लावला. काही ऐकू येईना. खरोखरच काही ऐकू येईना! हा आनंद दहा मिनिटे टिकला. मग मायक्रोफोन जोडून हेडफोन कानांवर चढविला, आणि 'घूं' असा एक अखंड सूर ऐकू आला. क्वार्टरच्या भिंतीतल्या खटक्याला तीन भोके होती, परंतु तिसऱ्याच्या मागे तारच नव्हती. अर्थिंग नाही. विजेची पन्नास कंपनांची गुणगुण थेट मायक्रोफोनच्या तारेत उतरत होती. दुसऱ्या दिवशी गावातल्या वायरमनने परसात खड्डा खणला, त्यात कोळसा आणि मीठ घालून लोखंडी कांब पुरली, तेव्हा ती 'घूं' गेली. पन्नास हजारांच्या यंत्राला शेवटी दोन किलो मिठाने गप्प केले. भिंतींवर आईच्याच हातच्या चार गोधड्या टांगल्या, म्हणजे खोली घुमू नये.

परंतु घराबाहेरचे अभनपूर गप्प बसवावयास कोणते मीठ आणावे? गाव लहान असले तरी रायपूरहून धमतरी-जगदलपूरकडे जाणारा मोठा रस्ता त्यातून जातो आणि येथेच राजिमला फाटा फुटतो. धान घेऊन जाणारे ट्रॅक्टर आणि मालमोटारी दिवसभर धडधडत असतात. देवउठनी एकादशी उलटलेली, म्हणजे लग्नसराई सुरू झालेली. संध्याकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत वरातींची कर्णकर्कश वाद्ये. शुक्रवारची संध्याकाळ वाया गेली, शनिवारची दुपार वाया गेली. उरले शनिवार-रविवारमधले उत्तररात्रीचे तीन-चार तास. अलार्म लावताना आमच्या ध्यानात आले, की मुळशीला आजी आणि आई दळावयास बसत ती वेळही हीच.

रविवारी पहाटे साडेतीनला आई नऊवारी नेसून, तोंड धुऊन, खुर्चीवर येऊन बसली. समोर मायक्रोफोन. आम्ही बोटाने खूण केली. आईने घसा साफ केला. मग मायक्रोफोनकडे पाहत राहिली. एक मिनिट गेले. दोन गेली.

"काय झालं, आई?"

"आठवत नाही रे."

"एवढ्या शेकडो ओव्या..."

"अरे, नुसतं बसून कुणी ओवी म्हणतं का? हात चालल्याबिगर ती कशी यायची? जातं कुठाय?"

पंखे, डिस्क, प्रोसेसर, पॉवर सप्लाय, तार, अर्थिंग, गोधड्या, साऱ्यांचा विचार आम्ही केला होता. जात्यावरच्या ओवीला जाते लागेल हा विचार पाच महिन्यांत एकदाही मनात आला नव्हता. आम्ही पदवीधर आहोत.

सौ. काही न बोलता मागच्या दाराने गेली. शेजारच्या घरी दिवा लागलेला होता; कापणीच्या दिवसांत तेथे सगळी लवकर उठतात. छत्तीसगढात जात्याला जांता म्हणतात आणि डाळ भरडावयास तो पुष्कळ घरांतून अजून असतो. दहा मिनिटांनी शेजारीण आणि तिचा मुलगा दोन दगड घेऊन आत आली. शेजारणीने वरचा दगड खिळीवर बसविला, आईच्या समोर जमिनीवर मांडी घातली आणि विचारले, "का पिसबो, दाई?" घरात तांदूळ होते. मुळशीचीही भाकरी तांदळाचीच. आईने मूठभर दाणे तोंडात घातले, म्हणजे जात्याच्या, आणि दोघींचे हात एका खुंट्यावर आले.

घरघर सुरू झाली तेव्हा आमच्या पडद्यावरचे पट्टे हिरव्यातून पिवळ्यात आणि पिवळ्यातून तांबड्यात गेले. आम्ही धावत जाऊन त्या तांबड्या पेटीची कळ पिळली, मायक्रोफोन खाली आणून आईच्या तोंडाजवळ तिरका धरला. साडेपंधरा डेसिबलांचा तो तीन रात्रींचा वाद दगडाखाली कधीच पिठासारखा झाला होता. आणि आई गात होती. आधी पुटपुटल्यासारखी, मग दोन-चार फेरे झाल्यावर मोकळ्या गळ्याने. फेरा पुरा होण्याच्या जागी ओळ पुरी होत होती. जेथे दगड जड होई तेथे सूर रुंद होई. खुर्चीवर बसवून, निःशब्द खोलीत, आम्ही जे मुद्रित करणार होतो ते काय होते कोण जाणे! शेजारणीला शब्द कळत नव्हते. पण ओळीच्या शेवटी जो सूर लांबतो त्यात ती तिसऱ्या-चौथ्या ओवीपासून आपला सूर मिळवू लागली. तिला कुणी सांगितले नाही, आणि आम्ही तिला थांबविले नाही.

सीतेच्या झाल्या, भावाच्या झाल्या, पंढरीच्या झाल्या. मध्ये आई पीठ सारखे करावयास थांबली आणि आमच्याकडे न पाहता म्हणाली, "आता ही तुझ्या आजीची. त्या कॅसेटीत शेवटची होती."

आम्ही मान खाली घालून पडद्याकडे पाहत राहिलो. पंचवीस वर्षांहून अधिक काळ तिने ती नुसती ऐकून नव्हे, क्रमाने ध्यानात ठेवली होती. ती ओवी येथे देत नाही. ती आईच्या परवानगीवाचून छापण्याची नव्हे. तिच्या दुसऱ्या ओळीला वीज गेली. संगणक चालूच राहिला, त्याखाली यू.पी.एस. होता, परंतु वीज गेली की यू.पी.एस. शिटी मारतो ही गोष्ट आमच्या आवाजाच्या यादीत नव्हती. टीं... टीं... टीं... आम्ही अंधारात गुडघ्यांवर बसून ती बंद करण्याची कळ चाचपीत होतो आणि आई अंधारातच दळीत होती, गात होती. दळणाऱ्या बाईला उजेड कशाला लागतो? चार शिट्या झाल्या. पाचवीला कळ सापडली.

एकूण एकसष्ट ओव्या. उजाडताना पहिली मालमोटार गेली तेव्हा आम्ही थांबलो. त्या पिठाच्या शेजारणीने चिले घातले आणि आईने भाकऱ्या भाजल्या. भाकरीचा काठ तिला पुढच्या दातांनी शेवटचा तोडता आला.

त्या चार शिट्या काढून टाकाव्यात की राहू द्याव्यात, याचा निर्णय अद्याप झालेला नाही. यंत्राला त्या पुसता येतात, पण पुसताना त्यांच्याखालचा आईचा 'स' थोडा खरवडला जातो. सौ.चे मत राहू द्याव्यात. त्या साऱ्या फाइली आम्ही तीन ठिकाणी ठेवल्या आहेत: एक संगणकात, एक कपाटातल्या डिस्कवर, एक पिंपरीला भावाकडे. प्रत्येकीच्या गुणधर्मांत जाऊन 'केवळ वाचनासाठी' या चौकोनात खूण केली. आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. ही खूण कशी काढतात ते तिला ठाऊक आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून एका रविवारी तिला समोर बसवून कागदाच्या घडीची गोष्ट सांगितली. ती फार वेळ हसली आणि मग आजीजवळ जाऊन बसली.

अग्रिमाच्या अर्जावर हिशेब विभागाची पृच्छा आली आहे: 'पर्सनल कॉम्प्युटर या संज्ञेत मायक्रोफोन अंतर्भूत होतो काय, याचा सप्रमाण खुलासा करावा.' खुलासा पाठविला आहे.

१८ नोव्हेंबरला ठरल्या वेळी दात निघाले. गाडीतून परत येताना आईचे तोंड कापसाने भरलेले होते. ती खुणेनेच बोलत होती. घरी आल्यावर तिने त्या खोलीकडे बोट दाखविले. आम्ही यंत्र सुरू केले. डोके दुखते म्हणणाऱ्या आईने स्वतःच्या हाताने हेडफोन कानांवर चढविला आणि डोळे मिटून ऐकू लागली. तीन-चार ओव्या झाल्या असतील. तिच्या कपाळाला आठी पडली. आम्हांला वाटले, जखम दुखते आहे, किंवा आवाज बसल्यासारखा वाटतो आहे, किंवा शिट्या. तिने हेडफोन काढला. मूठ वळून हवेत एक गोल फेरा दाखविला, मग तीच मूठ जराशी डुगडुगविली आणि शेजारच्या घराकडे बोट केले.

आम्ही पुन्हा ऐकले तेव्हा आम्हांलाही ते ऐकू आले. दर फेऱ्याला एक बारीक 'खट्'. जांत्याचा खुंटा सैल होता. संध्याकाळी सौ.ने शेजारणीकडे जाऊन सांगितले. तिने त्याला चिंधी गुंडाळून तो ठोकून घट्ट केला.